वाऱ्याखाली कोण उभा आहे?

गेल्या संक्रांतीला आमच्या कळंब गावी एका स्नेह्यांकडे तिळगुळासाठी गेलो असता बैठकीत मोठा हशा पिकलेला दिसला. यजमानांच्या व्याह्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त नॉर्वेत असतात. त्यांनी तिकडून एक चित्रफीत धाडली होती, आणि ती मोबाइलवर हातोहात फिरत होती. फिरत फिरत ती माझ्याही हाती आली. विस्तीर्ण तळे गोठून पांढरे झालेले. वारा असा की भुरभुरीत बर्फ पृष्ठभागावरून धुरासारखा वाहत आहे. आणि त्या वाऱ्यात एक मनुष्य कमरेला पट्टा आवळून, पायांत लांब पट्ट्या बांधून, वर झेपावलेल्या भल्या मोठ्या कापडी पतंगाच्या ओढीने बाणासारखा चालला आहे. मध्येच वाऱ्याचा झोत आला, तो पुरुषभर उंच उचलला गेला, क्षणभर अधांतरी राहिला आणि पुन्हा बर्फावर उतरून तसाच पुढे निघाला.

मंडळींचे अभिप्राय एकापेक्षा एक चढते होते. एक सेवानिवृत्त अधिकारी म्हणाले, "पोट भरलेल्यांचे हे चाळे आहेत." एक वकील म्हणाले, "मरायचेच असेल तर त्यासाठी बर्फापर्यंत कशाला जायला हवे?" एका वडीलधाऱ्या बाईंनी त्या अनोळखी मुलाच्या आईची कीव केली, ती मात्र मला खरी वाटली. ह्याच वेळी गच्चीवरून "ओ काट! ओ काट!" अशी आरोळी आली. यजमानांचे दोन नातू वर पतंग उडवीत होते. त्यांच्या चक्रीवर चकचकीत, बारीक असा नायलॉनचा दोरा होता, आणि तो दोरा घरामागच्या आळीवरून तिरका होत, यवतमाळहून वर्ध्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या पलीकडे कोठेतरी आकाशात लागला होता. खाली त्या रस्त्यावरून दुचाक्यांची रांग अखंड चालली होती. सणाचा दिवस, कोणी माहेरी निघालेली, कोणी चिंतामणीच्या दर्शनाला आलेला. यजमानांनी आरोळी ऐकून कौतुकाने वर पाहिले आणि म्हणाले, "सकाळपासून पोरांनी सात कापले." बैठकीत वाहवा झाली.

अशा रीतीने त्या दिवशी नॉर्वेतला मनुष्य वेडा ठरला आणि कळंबची पोरे हुशार ठरली. हा निवाडा मला मान्य नाही, आणि तो उलट कसा व्हावयास पाहिजे हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. मी स्वतः कधी बर्फावर पाऊल टाकलेले नाही, आणि ह्या वयात टाकण्याची इच्छाही नाही. तेव्हा परदेशी खेळाची भुरळ पडून मी हे लिहितो असा आरोप माझ्यावर सहसा येणार नाही.

प्रथम त्या वेड्याचे पाहू. पतंगाने माणूस ओढला जाणे ही कालपरवाची टूम नव्हे. बेंजामिन फ्रँकलिनने विजेचा शोध घेण्यासाठी 1752 साली पतंग चढविला हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु त्याच्याही पुष्कळ आधी, लहान असताना, तो तळ्यात उताणा पडून हातात पतंगाची दोरी धरीत असे आणि पतंगाकडून स्वतःला पैलतीरी ओढून नेववीत असे, हे थोड्यांना ठाऊक असते. ब्रिस्टल येथील जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तराने 1826 साली पतंगाने ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले. रस्त्यावरचा कर घोड्यांच्या संख्येवर असल्यामुळे ह्या बिनघोड्याच्या गाडीला काय कर लावावा असा पेच नाकेदारांना पडे म्हणतात. सॅम्युएल कोडी हा 1903 साली पतंगाने ओढलेल्या होडीत बसून कॅलेहून डोव्हरला इंग्लिश खाडी ओलांडून गेला. बर्फावर वाऱ्याचे साहाय्य घेणारा ठळक पुरुष म्हणजे नॅन्सेन. 1888 साली ग्रीनलंड ओलांडताना त्याने घसरगाड्या एकत्र बांधून त्यांवर शीड उभारले. त्याचाच देशबंधू बोर्गे ऑसलंड हा 1996-97 च्या हंगामात एकटाच दक्षिण ध्रुवखंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला; सुमारे 2845 किलोमीटरांची ती वाट त्याने 64 दिवसांत उरकली, आणि तीत वाऱ्याच्या ओढीचा वाटा मोठा होता. आज जो कापडी पतंग हे लोक वापरतात त्याचे मूळ डोमिना जॅल्बर्ट ह्या गृहस्थाने 1964 च्या सुमारास काढलेल्या रचनेत आहे. त्यास काड्या नसतात. कापडाच्या कप्प्यांत वारा शिरतो, कप्पे फुगतात आणि त्यांना पक्ष्याच्या पंखासारखा आकार येतो.

आता वाऱ्याचे गणित. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी 30 किलोमीटरांच्या वाऱ्यात जो पतंग माणसाला सुखाने ओढतो तोच 60 किलोमीटरांच्या वाऱ्यात त्याला चौपट जोराने हिसकतो. थंड हवा दाट असते. उणे 20 अंशांवरची हवा अधिक 20 अंशांवरच्या हवेपेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी जड भरते, म्हणून वेग तोच असला तरी हिवाळी वाऱ्याची ओढ अधिक. आणि खाली बर्फ, जेथे पाय रोवण्याची सोयच नाही. ह्या सर्वांचा अर्थ असा की अतिवेगवान वाऱ्यात बर्फावर पतंग धरणारा मनुष्य आपल्या देहापेक्षा फार मोठ्या शक्तीशी गाठ बांधतो, आणि हे तो पूर्णपणे जाणून असतो. जाणून असतो म्हणूनच वारा वाढला की तो पतंग लहान घेतो. आपल्याकडे उलट, वारा आला की लोक मोठा पतंग काढतात. हातातली दांडी लांब ढकलली की पतंगाची ओढ कमी व्हावी अशी योजना त्यात असते. एक खटका असा असतो की तो दाबताच पतंग निर्जीव होऊन खाली पडतो, आणि तो खटका चालतो की नाही हे पतंग चढविण्यापूर्वी पाहावयाचे असा शिरस्ता आहे. डोक्याला शिरस्त्राण असते. बर्फाची जाडी आधी मोजलेली असते. बर्फ फुटून पाण्यात पडलोच तर काठाला रोवून वर येण्यासाठी दोन टोचे गळ्यात अडकविलेले असतात.

परंतु ह्या साऱ्या नियमांत मला जो नियम लाखमोलाचा वाटतो तो निराळाच आहे. वारा ज्या दिशेने वाहत जातो, त्या दिशेस मनुष्य नसला पाहिजे. पतंग सुटला, दोर तुटला, हात निसटला, तर जे काय व्हावयाचे ते ज्या बाजूस होणार ती बाजू आधी मोकळी करावयाची. ती मोकळी नसेल तर त्या दिवशी पतंग पिशवीतून काढावयाचाच नाही.

येथे मी एक गोष्ट मोकळेपणाने कबूल करतो. त्यांचा दोरही कृत्रिम धाग्याचाच असतो, नायलॉनपेक्षाही बळकट असतो, आणि ताणलेला असताना तो मांस कापील ह्यात शंका नाही. शिवाय बर्फ फुटून कोणी बुडू लागला तर त्याला काढण्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी जीव धोक्यात घालावा लागतो. तेव्हा त्यांचे साहस केवळ त्यांच्यापुरतेच असते असे मी म्हणणार नाही. तसे कोणतेच साहस नसते. आमच्या बैठकीतील त्या बाईंनी जिची कीव केली ती आईही ह्या हिशेबात आहेच. पण हे सारे जमेस धरूनही एक भेद उरतो. तिकडे दोराच्या टोकाला खेळणारा स्वतः बांधलेला आहे. इकडे खेळणारा गच्चीवर कठड्याआड सुरक्षित आहे, आणि दोराखाली आहे तो ज्याला खेळाची खबरही नाही असा मनुष्य.

हा मनुष्य कोण, हे मला पुस्तकात वाचावे लागले नाही. माझा भाचा यवतमाळला शिकत असताना सुटीत घरी येत होता. कळंब दोन-तीन किलोमीटरांवर राहिले असता दोरा त्याच्या हनुवटीखाली लागला. मुलाने उपजत शहाणपणाने दोरा हाताने धरला म्हणून गळा वाचला. दोन बोटे हाडापर्यंत चिरली गेली. गळ्याभोवती आईने विणलेला मफलर होता, त्याचे चार पदर कापले गेले होते. तो मफलर माझ्या बहिणीने टाकून दिलेला नाही. दोरा कोणाचा होता हे अर्थातच कळले नाही. कळण्याचा मार्गच नसतो. नॉर्वेतल्या तळ्यावर अपघात झाला तर कोणाच्या हातून झाला हे विचारावे लागत नाही, आणि आमच्या रस्त्यावर झाला तर विचारून उपयोग होत नाही. ह्याहून सुखाचा खेळ खेळणाऱ्याला दुसरा कोणता मिळणार?

माझा भाचा दैववान. नागपुरात आणि नाशकात ह्याच दोऱ्याने माणसे दगावली आहेत. नागपुरात तर संक्रांतीच्या दिवशी उड्डाणपूल वाहतुकीस बंद ठेवण्याची पाळी आलेली आहे. ह्या उपायाचा वाचकांनी जरा विचार करावा. लाखो रहिवाशांच्या शहरात, लोकांच्या पैशाने बांधलेले पूल, लोकांनी वापरावयाचे नाहीत; का, तर गच्चीवरच्यांनी चक्री खाली ठेवावयाची नाही. पक्ष्यांचे दुःख तर कोणी मोजीतही नाही. सकाळी चरायला निघालेले आणि सायंकाळी घरट्याकडे परतणारे बगळे, घारी ह्यांना तो धागा दिसत नाही. आणि सण संपला तरी धागा झाडावरून उतरत नाही. गुजरातेत जखमी पक्ष्यांसाठी सरकारला दरवर्षी 'करुणा अभियान' चालवावे लागते. आधी कापावे आणि मग करुणा करावी, असा हा आपला क्रम आहे.

आता समर्थनाकडे वळू. पहिले समर्थन परंपरेचे. पतंग आपल्या पूर्वजांनी उडविला, म्हणून आम्ही उडवितो. उडवा की! मीही उडविला आहे, आणि तो उतरविताना रडलोही आहे. परंतु पूर्वजांनी उडविला तो सुताच्या दोऱ्यावर. नायलॉन हा पदार्थच 1938 साली जगापुढे आला. त्याच्याशी आमच्या कोणत्या पूर्वजाचा संबंध? आणि परंपरेचे अभिमानी म्हणविणारांनी हेही पाहावे की ह्या दोऱ्याने परंपरेतला खेळच मारून टाकला आहे. पेच लढविणे ही विद्या होती. समोरच्याचा पतंग वरून येतो की खालून, वारा भरला आहे की पडला आहे, आपला मांजा ताजा आहे की घासून मऊ झाला आहे, हे सारे बोटाच्या टोकाला कळावे लागे. कोणी ढील देण्यात वाकबगार असे. दोरा सळसळत सोडीत सोडीत तो दुसऱ्याच्या मांज्याला हळूहळू झिजवी. कोणी खेचणारा असे; एका झटक्यात निकाल लावी. उत्तम ढीलबाजाला गल्लीत जो मान असे तो वर्गात पहिल्या आलेल्याला नसे. हरणाराही काही शिकून हरे. आता काय आहे? ज्याचा दोरा तुटतच नाही तो जिंकतो. दुकानात जास्त पैसे टाकले की पेच दुकानातच जिंकला जातो. गच्चीवर जाऊन केवळ आरोळी ठोकावयाची. बुद्धिबळाच्या पटावर एकाने आपल्या राजाला लोखंडी पेटीत घालून ठेवावे आणि मग 'मला शह लागत नाही' म्हणून मिशीवर ताव द्यावा, त्यातला हा प्रकार.

सुती मांजाही काही निष्पाप नव्हता, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. बरेलीचा मांजा ज्यांनी सुतला ते कारागीर खांबाखांबांतून ताणलेल्या दोऱ्याला भाताची खळ, रंग आणि कुटलेली काच ह्यांचा लगदा मुठीने चोळीत दिवसभर येरझारा घालीत, आणि त्यांच्या तळहातांची चाळण होई. आपला करमणुकीचा खर्च दुसऱ्याच्या कातडीवर टाकण्याची सवय आपणास तेव्हापासूनची आहे. तरीही त्या दोऱ्याचा एक गुण होता: तो तुटत असे. माणसाच्या वा पक्ष्याच्या अंगावर ताण पडला की बहुधा दोरा हरे. पावसाळा लागला की झाडावरचे तुकडे कुजून जात. नायलॉनने त्या बिचाऱ्या कारागिरांचा धंदाही बुडविला, आणि आपल्याला न तुटण्याचे व न कुजण्याचे वरदान देऊन ठेवले.

दुसरे समर्थन मोठे गमतीचे आहे. हा 'चिनी मांजा' आहे म्हणे. म्हणजे दोष चीनचा. मराठीत पतंगाला वावडी असा जुना शब्द आहे, आणि निराधार बातमी सोडण्याला आपण वावड्या उठविणे म्हणतो. ही त्यांतलीच एक वावडी. हा दोरा पुष्कळसा आपल्याच देशात तयार होतो, आपल्याच ट्रकांतून येतो, आपल्याच दुकानदाराच्या फळीखालून आपल्याच मुलाच्या हाती पडतो. त्याला चिनी म्हटले की देशाभिमानही साधतो आणि जबाबदारीही टळते.

तिसरे, सरकार काय करते? सरकारच्या बाजूने बोलण्याची मला हौस नाही. पण कायद्याचा अभाव आहे असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 11 जुलै 2017 रोजी नायलॉनच्या व तत्सम कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ह्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. पोलीस दुकानांवर छापे घालतात, चक्र्यांचे ढीग जप्त करतात, त्यांची छायाचित्रे छापून येतात. मग विकत घेतो कोण? ज्या बैठकीत मी बसलो होतो तिच्यात निदान तिघांच्या घरी कायद्याची पुस्तके होती. चक्री बारा वर्षांच्या मुलाने आणली हे खरे. पैसे बारा वर्षांच्या मुलाचे नव्हते.

मुलाशी मी बोललो. गच्चीवर जाऊन त्याला विचारले की हा दोरा बंद आहे हे तुला ठाऊक आहे काय. पोरगा चलाख. म्हणाला, "ठाऊक आहे ना काका. पण सुती घेतला तं पहिल्याच पेचात कटते. सगळे हासतात मग." ह्या उत्तरात मला लबाडी आढळली नाही. सगळे ज्या शस्त्राने लढतात त्याहून दुबळे शस्त्र एकट्या मुलाने का घ्यावे, हा त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर त्याने एकट्याने देणे शक्यही नाही. ते सबंध आळीने मिळून द्यावयाचे आहे. दहा घरच्या वडिलांनी एका संध्याकाळी एकत्र बसून ठरविले की आमच्या गच्च्यांवर सूतच चढेल, तर त्या मुलाला कोणी हसणार नाही. पण दहा घरचे वडील एकत्र बसतात ते नॉर्वेच्या वेड्याला हसण्यासाठी!

आणि सूत म्हणताना मला आपल्या जिल्ह्याची लाज वाटते. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. संक्रांतीच्या सुमारास आमच्या कळंबच्या चोहो बाजूंस शेतात बोंडे फुटलेली असतात, गाड्या भरभरून कापूस बाजाराला जातो, आणि त्याला भाव नाही म्हणून आम्ही वर्षभर गळा काढतो. त्याच गावची मुले आकाशात तेवढे नायलॉन चढवितात. कापूसवाल्याच्या घरच्या पोराला सुताचा दोरा हलका वाटावा, ह्याचा विचार पांढऱ्या सोन्यावर व्याख्याने देणाऱ्या मंडळींनी एकदा करावा. मांज्यापुरत्या सुताने कापसाचा भाव चढेल असे मी म्हणत नाही. तेवढा भाबडा मी नाही.

जागेचेही तसेच. बर्फावरच्या मनुष्याला पतंगासाठी मैलोगणती मोकळे तळे शोधीत जावे लागते, आणि तो जातो. आम्हाला गावाबाहेर अर्ध्या तासाच्या चालीवर सोयाबीन निघालेली मोकळी वावरे आहेत. तेथे ना विजेच्या तारा जवळ, ना हमरस्ता. शेतकऱ्याला विचारून, त्याच्या हातावर तिळगूळ ठेवून, मुलांनी दिवसभर तेथे पेच लढवावे. बरोबर दोन वडील माणसे असावीत, संध्याकाळी तुटलेला दोरा वेचून आणावा. माझी ही सूचना मी त्या बैठकीत मांडली. वकिलांनी विचारले, "पण तिथे पाहायला कोण येणार?" प्रश्न नेमका होता. आपल्याकडे पतंग वाऱ्यासाठी चढत नाही, शेजारच्या गच्चीसाठी चढतो, हे त्यांनी एका वाक्यात सांगून टाकले. तळ्यावरच्या त्या मनुष्याभोवती मैलभर कोणी नव्हते. त्याला पाहावयास केवळ एक मोबाइल होता, हेही खरे. तेव्हा प्रेक्षकांची हौस त्यालाही नसेल असे नाही. पण त्या प्रेक्षकांच्या गळ्याशी त्याचा दोर पोचत नव्हता.

संक्रांत होऊन गेली. आता थोड्याच दिवसांत माघी चतुर्थी येईल आणि चिंतामणीला यात्रा लोटेल. भुईच्या पातळीखाली असलेल्या त्या देवळात पायऱ्या उतरून जाणारे भाविक खालीच पाहत चालतील. वर रस्त्याच्या कडेच्या कडुनिंबांना जे धागे लोंबत आहेत ते उन्हात क्षणभर चकाकतात, मग दिसेनासे होतात. मी आणि शेजारचा एक विद्यार्थी बांबूच्या टोकाला आकडा बांधून गेले चार दिवस सकाळी ते काढीत आहो. पहिल्या झाडावर एक पोपट लटकलेला निघाला. यजमानांचा धाकटा नातू काल शाळेत जाताना थांबला, थोडा वेळ पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "काका, त्या वरच्या फांदीवरचा माझा आहे." मी बांबू त्याच्या हाती दिला. अजून तीन झाडे राहिली आहेत.